कोंडाण्याची वाट आणि पायांची राखण

आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी भरतीची तयारी करणारी मुले-मुली अभ्यासाला बसतात. पुस्तके आहेत, दिवा-पंखा आहे, शिकवायला दोन शिक्षक आहेत. अडचण आहे ती धावण्याची. वस्तीच्या मैदानात आता टेम्पो आणि रिक्षा उभ्या असतात. म्हणून महिन्यातून एका रविवारी आम्ही या मुलांना घेऊन डोंगराकडे जातो. चढावर धावले की दम वाढतो, पाय मजबूत होतात आणि येताना एखादी लेणी पाहून होते. तिकिटाचा खर्च सोडला तर दुसरा खर्च नाही. डबा घरचाच असतो.

यातली आमच्या मुलांची सर्वांत आवडती वाट म्हणजे कोंडाणे लेण्यांची. पहाटेच्या लोकलने कर्जतला उतरावे, तिथून रिक्षाने कोंदिवडे गाव गाठावे आणि उल्हास नदीच्या खोऱ्यात शिरावे. समोर राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले उभे दिसतात. त्यांच्या पायथ्याच्या रानात कोंडाण्याची लेणी आहेत. गावापासून तासाभराची चाल. पुढे तीच वाट चढत राजमाचीच्या उधेवाडीला जाते. उन्हाळ्यात ही वाट सरळ दिसते. पावसाळ्याच्या शेवटी मात्र गवत कमरेला लागते, दोन्ही बाजूंची झुडपे वाटेवर येतात आणि आपले पाय कुठे पडताहेत ते आपल्यालाच दिसत नाही.

वाचकहो, या वाटेने आम्हाला एक धडा शिकवला. तो महाग पडला, आणि त्याची किंमत आम्ही नव्हे, दुसऱ्याच्या मुलाने मोजली. म्हणून हा लेख.

सन २०२४ च्या सप्टेंबरच्या मध्यावर आम्ही अठरा जण कोंडाण्याला निघालो. बहुतेक मुले हाफ पँटवर होती. एका मुलीने विचारले, "काका, गवत फार आहे म्हणतात, फुल पँट घालायची का?" आम्ही ऐटीत उत्तर दिले, "अगं, आपले वाडवडील अनवाणी रान तुडवत आले. गवताला काय भ्यायचे?" सगळे हसले. आम्हालाही आपण काही मोठे बोललो असे वाटले.

गावाबाहेरच्या माळावरच नडग्यांवर बारीक रेघा उमटू लागल्या. गवताच्या पात्याच्या कडेला करवतीसारखे सूक्ष्म दाते असतात, आणि वाळूतला जो कठीण घटक तोच पात्यातही असतो. चालताना ते नुसते घासते, धावताना कापते. पुढे घाणेरीचे उलट्या आकड्यांचे काटे आणि करवंदीच्या जाळ्या. परत येताना मुलांनी ओढ्याच्या गढूळ पाण्यात पाय धुतले, तसेच ओले मोजे चढवले आणि गाडी पकडली.

त्यांतल्या एका मुलाची केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या भरतीची धाव बाराव्या दिवशी होती. २४ मिनिटांत ५ किलोमीटर. आमच्या गटात तो सर्वांत पुढे धावणारा. तिसऱ्या दिवशी त्याची नडगी लाल झाली, सुजली, ताप भरला. घरच्यांनी हळद लावली. पाचव्या दिवशी पाय टेकवेना तेव्हा दवाखाना गाठला. ओरखड्यातून जंतू कातडीखाली शिरले होते. डॉक्टरांनी औषधे दिली आणि पाय उशीवर उंच ठेवून पडून राहायला सांगितले. धावेच्या दिवशी तो घरात पाय लांब करून बसला होता. आम्ही भेटायला गेलो. त्याची आई शिलाई मशीनवर काम करीत होती. कारखान्यातून कापडाचे तुकडे घरी आणून ती नगावर शिवते. तिने आम्हाला चहा दिला, पण एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरे वाटले असते.

त्या रात्री आम्हाला आमचेच बोलणे आठवले. वाडवडील अनवाणी चालले ते काही हौसेने चालले नाहीत. चप्पल घ्यायला पैसे नव्हते, आणि कित्येक गावांत पायात वहाण घालून वरच्या आळीतून जाण्याची सोय नव्हती. त्यांच्या उघड्या पायांचा आम्ही अभिमानाचा विषय केला. त्यांना विचारले असते तर त्यांनी आधी वहाणच मागितली असती. आमचे आजोबा महार रेजिमेंटमध्ये होते. ती पलटण १९४१ मध्ये बेळगावला उभी राहिली. त्यांच्या ट्रंकेत खाकी लोकरीची एक लांब पट्टी होती. घोट्यापासून वर गुंडाळायची ती पट्टी. आपला हा शब्द इंग्रजांनीही जसाच्या तसा उचलला. लहानपणी आम्ही तिचा उपयोग चेंडू बांधायला केला. पाय जपल्याशिवाय पलटण चालत नाही हे आजोबांना ठाऊक होते. नातवाला ते पन्नाशीच्या तोंडावर कळले.

विनयपिटकाच्या महावग्गात सोण कोळिविस या भिक्खूची हकिगत आहे. तो श्रीमंत घरचा, पावले फार नाजूक. चंक्रमण करता करता त्याचे पाय फुटले आणि चालण्याची जागा रक्ताने भरली. वीणेची तार फार ताणू नये आणि फार सैलही सोडू नये हा भगवंतांचा सुप्रसिद्ध उपदेश याच सोणाला केलेला आहे. उपदेश सर्वांना ठाऊक असतो; पण त्याच प्रसंगानंतर भगवंतांनी भिक्खूंना एकपदरी तळाची वहाण घालण्याची परवानगी दिली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. रक्त काढल्याने साधना वाढत नाही. धाव तरी कशी वाढेल?

मग आम्ही शिकायला लागलो. डोंगरात नियमित धावणाऱ्यांना विचारले, दुकानांतून किमती पाहिल्या, जुनी कापडे घेऊन रानात प्रयोग केले. २०२५ च्या ऑक्टोबरात पुन्हा त्याच वाटेने गेलो. या खेपेस प्रत्येकाचे पाय झाकलेले होते, पण प्रत्येकाचे वेगवेगळ्या प्रकारे. वाट जसजशी पुढे गेली तसतसे कोणते कापड कुठे कामाचे ते कळत गेले.

गावाबाहेर पडताच ओढे लागतात. इथे पहिली हार खाल्ली जीन्सने. जीन्सचे कापड काट्याला दाद देत नाही हे खरे, पण एकदा भिजली की ती जड होते, गुडघा वाकू देत नाही, मांड्या सोलते आणि दिवसभर वाळत नाही. चालायला एक वेळ ठीक, धावायला मुळीच नाही. सुती ट्रॅक पँटचे तेच. पाणी पिऊन ती खाली घसरते आणि सैल कापड प्रत्येक काट्यात अडकते.

ओढ्यांनंतर गवताचा माळ. इथे पातळ पण घट्ट विणीची नायलॉन किंवा पॉलिस्टरची पँट सर्वांत उत्तम ठरली. गवत तिच्यावरून घसरून जाते आणि भिजली तरी धावता धावता वाळते. मात्र पायाशी ती निमुळती हवी. अंगाला चिकटून बसणारी टाइट्सही चांगली, कारण ती अडकत नाही आणि मांड्या घासत नाहीत. पण बाजारातली स्वस्त लेगिंग विरळ विणीची असते. तिच्यातून काटा सहज आत येतो आणि गवताचे कुसळ तर तिथे घरच करते. कुसळाची गंमत अशी की त्याची शेपटी ओल लागली की पीळ उलगडते, वाळली की पुन्हा वळते. या वळण्याने ते मातीत शिरते, आणि मोज्यातही तसेच आत आत जाते. गवत पिकल्यानंतर, म्हणजे ऑक्टोबरपासून पुढे उन्हाळ्यापर्यंत, याचा त्रास असतो.

कापड घेताना आम्ही एक सोपी परीक्षा करतो. वेल्क्रोची खरखरीत बाजू कापडावर हलकेच टेकवून उचलायची. कापड तिला चिकटून वर आले तर कुसळही चिकटणार. मग कापड उजेडाकडे धरायचे; विणीतून उजेडाचे ठिपके दिसले तर काटाही आत येणार. शेवटी ती पँट घालून दुकानातच उकिडवे बसायचे आणि गुडघा छातीपर्यंत उचलून पाहायचा. दुकानदार हसला तर हसू द्यावा. रंग शक्यतो फिकट घ्यावा, म्हणजे गोचीड चढली तर दिसते.

माळ संपला की चढण आणि करवंदीच्या जाळ्या. इथे एकटी पँट पुरत नाही. नडगीवर दुसरा थर हवा. फुटबॉलचे गुडघ्यापर्यंतचे मोजे हा सर्वांत स्वस्त थर. ज्यांच्याकडे काही नसेल त्यांनी निदान एवढे तरी घालावे. त्याहून चांगले म्हणजे गेटर. बुटाच्या तोंडापासून वर पोटरीवर चढवायचे हे कापडी आवरण. घोट्यापुरते आखूड गेटर खडे आणि कुसळ बुटात जाऊ देत नाही. गुडघ्याखालपर्यंतचे लांब गेटर काट्यांपासूनही वाचवते. दुकानातल्या लांब गेटरची किंमत ऐकून मात्र आमच्या मुलांनी ते मुकाट्याने परत ठेवले.

हे त्या आजारी पडलेल्या मुलाच्या आईच्या कानावर गेले. वस्ती तिला मावशी म्हणते. एके दिवशी मावशीने आम्हाला निरोप पाठवला, "एक गेटर आणून दाखवा, मला बघू दे कसं असतं ते." कुणाचे तरी मागून नेले. तिने ते उलटेपालटे केले आणि म्हणाली, "एवढंच होय? मग मोडक्या छत्र्या गोळा करा." पुढच्या आठवड्यात विहारात बारा मोडक्या छत्र्या आणि जुन्या जीन्सचे गाठोडे जमले.

मावशीची पद्धत घरी मशीन असलेल्या बहिणींसाठी सांगतो. पँट आणि मोजे घातलेल्या पायाचे माप घ्यावे, उघड्या पायाचे नाही. पोटरीभोवती छत्रीचे कापड दुहेरी घ्यावे. ते हलके असते आणि पाणी धरत नाही. समोर नडगीवर तेवढा जीन्सचा रुंद पट्टा शिवावा, कारण मार तिथेच बसतो. उघडायची बाजू बाहेरच्या अंगाला ठेवावी, म्हणजे धावताना पाय एकमेकांत अडकत नाहीत. तिथे वेल्क्रो लावून वर झाकण शिवावे. उघडे वेल्क्रो कुसळे गोळा करते. वर आणि घोट्याशी इलॅस्टिक. वरच्या इलॅस्टिकमध्ये दोन बोटे सहज गेली पाहिजेत. घट्ट झाले तर पायाला मुंग्या येतात. पुढे एक हूक लावून तो बुटाच्या नाडीत अडकवावा. बुटाच्या तळाखालून जाणारा पट्टा जुन्या दप्तराच्या बंदाचा करावा. दगडावर घासून तो लवकर तुटतो, म्हणून शिवून न टाकता बदलता येईल असा बांधावा. एका जोडीला दोरा, वेल्क्रो आणि इलॅस्टिक मिळून शंभर रुपयेही लागले नाहीत.

मुलींचा प्रश्न थोडा वेगळा होता. सलवारीच्या चुण्या काट्यात अडकतात, आणि टाइट्स घालायची तर घरून नकार. एका मुलीची आजी अडून बसली. आम्ही समजावायला गेलो तेव्हा आजीनेच आम्हाला सुनावले, "मला काय सांगता? आम्ही मोळीला जायचो तेव्हा लुगड्याचा काष्टा वर खोचायचो आणि पोटऱ्यांना गोणपाट बांधायचो. तेव्हा कुणी आमचे पाय बघायला येत नव्हतं, काटेच यायचे." मग स्वतःच हसली आणि म्हणाली, "घाल गं, पण वरून लांब सदरा घाल." टाइट्सवर गुडघ्यापर्यंतचा सदरा किंवा सैल हाफ पँट, खाली गेटर, असा तोडगा निघाला. आता तीन घरांत तो चालतो.

चढणीवर आम्हाला गवताचा भारा घेऊन उतरणारी एक ठाकर बाई भेटली. पायात प्लॅस्टिकची चप्पल, पोटऱ्यांवर जुन्या-नव्या वणांचे जाळे. आमच्यातला एक मुलगा म्हणाला, "यांना सवय असते." आम्ही त्याला थांबवले. सवय कातडीला होत नाही, माणसाला करून घ्यावी लागते. बाईने मुलींचे गेटर निरखून पाहिले आणि कशाचे केले ते विचारले. छत्रीचे म्हटल्यावर म्हणाली, "छत्री तर माझ्याकडंबी मोडकी हाय." एका मुलीने आपली जोडी काढून तिला दिली आणि स्वतः नुसत्या मोज्यांवर धावली.

सापांविषयी दोन शब्द लिहिणे जरूर आहे. फुरसे, घोणस, मण्यार आणि नाग हे चारही विषारी साप आपल्या भागात आहेत, आणि दंश बहुधा पायालाच होतो. अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सापांना माणसाच्या नकली अवयवावर दंश करू दिला, तेव्हा जीन्सच्या कापडामुळे आत जाणारे विष निम्म्याहून कमी झाले. म्हणजे कापडाचा उपयोग होतो. पण कापड म्हणजे चिलखत नव्हे. जिथे पाऊल कुठे पडते ते दिसत नाही तिथे धावणे बंद, चालणे सुरू, आणि पुढच्याच्या हातात काठी. हा आमचा आता पक्का नियम आहे. दंश झालाच तर चिरा देऊ नये, आवळून बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. पाय न हलवता १०८ ला फोन करून सरकारी रुग्णालय गाठावे.

कोंडाण्याच्या वाटेवर आम्हाला जळवा फारशा लागल्या नाहीत. भीमाशंकर, कोयना, आंबोलीकडे मात्र त्या भरपूर. तिथे साध्या मोज्यावर घट्ट विणीच्या सुती कापडाची गुडघ्यापर्यंतची पिशवी चढवतात, म्हणजे जळूला तोंड घालायला भोक मिळत नाही. सिंधुदुर्गात दोडामार्गाकडे २०१६ पासून गोचिडींतून होणारा माकडताप आढळला आहे. त्या बाजूला पँटचे पाय मोज्यांत खोचल्याशिवाय रानात शिरू नये. खाजकुइलीच्या शेंगा पिकल्या असतील तर पायच काय, हातही झाकलेले बरे.

अशी मजल करीत आम्ही लेण्यांपाशी पोचलो. कोंडाण्याचे चैत्यगृह सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. दगडात कोरलेले असूनही दर्शनी भाग लाकडी बांधकामासारखा दिसतो. आत स्तूपाची आणि खांबांची बरीच झीज झाली आहे. चैत्याशेजारी एका भग्न मूर्तीच्या मस्तकाजवळ ब्राह्मीतला लेख आहे. कण्ह याचा शिष्य बलक याने हे केले, असा त्याचा आशय. पावसाळ्यात लेण्यांच्या कपाळावरून पाणी कोसळते. ऑक्टोबरात त्याची धार बारीक झाली होती.

तिथे बसून आम्ही मुलांना वर्षावासाची गोष्ट सांगितली. पावसाळ्यातही भिक्खू हिंडत तेव्हा लोकांनी तक्रार केली, की हे कोवळे गवत आणि बारीक जीव तुडवत जातात. म्हणून भगवंतांनी पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घातला. अशा लेण्या त्या वासासाठी उपयोगी पडल्या. एक मुलगी म्हणाली, "म्हणजे वाट कधी चालायची आणि कधी नाही, हेही त्यांनी ठरवलं होतं." आम्ही होकार दिला. भर पावसात ओढे फुगलेले असताना ही वाट चालू नये. धबधब्यांवर बंदीचे आदेशही निघतात. ते विचारूनच घर सोडावे.

परतताना या खेपेस ओढ्यात पाय धुतले नाहीत. गावात हापशावर साबणाने धुतले, कोरडे केले, सुके मोजे घातले. प्रत्येकाने गुडघ्यामागे आणि मोज्याच्या काठाशी गोचीड पाहिली. गोचीड असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी, चिरडू नये. घरी गेल्यावर ते कपडे वेगळे धुवावेत आणि कुसळे फणीने काढावीत. ओरखडा लहान असला तरी त्यावर नजर ठेवावी. लाली पसरू लागली, पाय गरम लागला, ताप आला तर हळदीवर दिवस काढू नयेत. गढूळ पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसही होतो. म्हणून पावसाळ्यातल्या तापात डॉक्टरांना आपण चिखलात गेलो होतो हे आवर्जून सांगावे. आपल्या घरांतून रोजंदारीवर जाणारी माणसे असतात. आठ दिवस पाय वर करून बसणे आपल्याला परवडत नाही.

त्या दिवशी एकवीस जण धावलो. ओरखडे निघाले ते फक्त एका मुलीच्या पायावर, जिने आपली जोडी देऊन टाकली होती. तो मुलगाही आला होता, आईने शिवलेल्या पहिल्या जोडीवर. त्याच्या नडगीवर जुन्या जखमेचा काळपट डाग आहे. पुढच्या भरतीसाठी तो तयारी करतो आहे. वाटेत दिसत नसलेल्या जागी तोच सर्वांना थांबवून चालायला लावत होता. घरी आल्यावर आम्ही त्याला पोचवायला गेलो. मावशीने आधी त्याला स्टुलावर बसवले, दोन्ही पँट वर सारल्या, बॅटरीच्या उजेडात दोन्ही पाय नीट पाहिले. मग आमच्याकडे वळून म्हणाली, "बसा, चहा ठेवते. पुढच्या रविवारी किती जोड्या लागतील?"

वाचक बंधू-भगिनींनो, घरातली मोडकी छत्री भंगारात टाकू नका. एखादी जोडी शिवून पाहा, आणि मुलामुलींना ती घालूनच डोंगराकडे पाठवा.